सगळ्या सभासदांचा एकच मोबाइल नंबर

या खेपेला पत्रं बरीच आली. त्यातली निम्मी नकळत एकाच संख्येभोवती फिरत होती, म्हणून बाकीची (जादूचे चौरस, अधिक महिन्याचं गणित आणि नातवाला पाढे येत नाहीत ही कायमची तक्रार) पुढच्या महिन्यावर ढकलली आहेत. घातांक वर चढवून छापताना आमच्याकडे नेहमी घोळ होतो, तेव्हा ‘दोनाचा ३१ वा घात’ असं शब्दांतच लिहितो.

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी जुनं वाचनालय आहे, मी तिथे ग्रंथपाल आहे. सभासदांची नोंदवही आम्ही एका ओळखीच्या मुलाकडून संगणकावर चढवून घेतली. थकलेल्या वर्गणीसाठी फोन करावेत म्हणून यादी छापली, तर ४१२ सभासदांपैकी ४११ जणांचा मोबाइल नंबर एकच : २१४७४८३६४७. मी तो लावूनही पाहिला, लागत नाही. कुणी म्हणतं व्हायरस आहे, कुणी म्हणतं कंपनीचा नंबर आहे. तुम्ही गणिताचे मास्तर. या आकड्यात काही आहे का? (कृपया नाव-गाव छापू नये.)

उत्तर : व्हायरस-बियरस काही नाही, ताई. आणि आकड्यात काही आहे का म्हणाल, तर इतकं आहे की तुमचं पत्र हातात धरून बसलो आणि चहाचं गार पाणी झालं.

एक घ्या आणि दुप्पट करत सुटा. २, ४, ८, १६, ३२... एकतिसाव्या दुपटीला येतात २ अब्ज १४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८. त्यातून एक काढा. हाच तुमच्या ४११ सभासदांचा फोन.

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला यादीचा फोटो पाठवला. आधी हसऱ्या चेहऱ्यांची रांग आली, मग फोन आला. “मामा, ज्यानं कुणी हे बनवलंय त्यानं फोन नंबरच्या रकान्याला इंट लावलाय!” इंट म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा. त्यात बत्तीस घरं असतात, प्रत्येक घरात ० किंवा १. एक घर अधिक-उण्याच्या चिन्हाला जातं, उरली एकतीस. एकतीसही घरांत १ भरले की डबा गच्च. तो गच्च डबा म्हणजे २१४७४८३६४७. याहून मोठी संख्या त्यात मावत नाही.

माझ्या जुन्या स्कूटरचा मीटर पाच आकडी होता. ९९९९९ झाल्यावर तो भाबडेपणाने पुन्हा ००००० वर यायचा आणि गाडी नवी व्हायची. काही संगणकी व्यवस्था अशाच उलटतात. काही मात्र तुमच्यासारख्या : मोठा आकडा आला की तक्रार करत नाहीत, जेवढं मावतं तेवढं लिहून गप्प बसतात. आता आपल्याकडचे मोबाइल नंबर बघा. दहा आकडी, आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे लहानात लहान धरला तरी सहाशे कोटी. डबा २१४ कोटींचा. झाडून सगळे नंबर डब्याबाहेर, म्हणून झाडून सगळे एकसारखे.

मला त्या उरलेल्या एका सभासदाने छळलं. म्हणून मी तुम्हाला उलट फोन केला, आठवत असेल. तुम्ही म्हणालात, एक आजोबा आहेत, मोबाइल वापरत नाहीत, पुण्यातल्या मुलाच्या घरचा फोन दिलाय. तिथेच उलगडा झाला! पुण्याचा एसटीडी कोड २०, पुढे २ ने सुरू होणारा आठ आकडी नंबर, म्हणजे सगळा मिळून दोनशे दोन कोटींच्या घरात. डब्यात बसला. मुलगा मुंबईत असता तर २२ ने सुरुवात, दोनशे वीस कोटी, गेला. सातारचा कोड २१६२, म्हणजे दोनशे सोळा कोटी. तोही गेला असता, पण अगदी थोडक्यात.

कामाचं तेवढं सांगतो. ते नंबर संगणकातून परत मिळणार नाहीत, ते कधी तिथे लिहिलेच गेले नाहीत. जुनी नोंदवही रद्दीत दिली नसेल तर तीच उघडा. आणि त्या मुलाला सांगा, फोन नंबर ही संख्याच नव्हे. त्याची कुणी बेरीज करत नाही, सरासरी काढत नाही. तो नावासारखा, अक्षरं म्हणून ठेवायचा.

आता माझ्या आवडीचं. ही संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाही नि:शेष भाग जात नाही. डब्याच्या मर्यादेचा आणि मूळ असण्याचा तसा संबंध नाही, योगायोग आहे, पण योगायोगाची तऱ्हा बघण्यासारखी. आठ घरांच्या डब्याची मर्यादा १२७ : मूळ. सोळा घरांची ३२७६७ : नाही, ती ७ × ३१ × १५१. बत्तीस घरांची आपली : मूळ. चौसष्ट घरांची : नाही, तिला ७ नेच भाग जातो. आणि कुणी १२८ घरांचा डबा केला तर त्याची मर्यादा पुन्हा मूळ. एक आड एक.

हे सगळे आकडे दोनाच्या भाषेत लिहिले की नुसत्या एकांच्या रांगा दिसतात. नुसत्या एकांचं वेड आपल्याकडे देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनाही होतं. १११ × १११ = १२३२१ या धर्तीच्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ म्हटलं, कारण कल्पना सुचली ती तेव्हाच्या ‘डेम्लो’, म्हणजे आताच्या डोंबिवलीच्या स्टेशनावर. आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत ११ मूळ आहे, आणि त्यानंतर थेट एकोणीस एकांची रांग मूळ निघते. मधल्या सगळ्या फुटतात.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की घातांक मूळ असला की दोनाच्या त्या घातातून एक वजा करून मूळ संख्या मिळते. ११ मूळ आहे. दोनाचा ११ वा घात २०४८. एक वजा, २०४७. आणि २०४७ = २३ × ८९. आता? — निवृत्त अभियंता, कोल्हापूर

उत्तर : आता काय, कान पकडले. चूक संपादकांची नाही, मुद्रितशोधकाची नाही, माझी. खरं विधान असं की मूळ संख्या मिळायची असेल तर घातांक मूळ असावाच लागतो. उलट विधान खोटं. चौतीस वर्षं मी वर्गात ओरडत आलो की प्रमेय आणि त्याचा व्यत्यास यांत गल्लत करू नका, आणि निवृत्तीनंतर स्वतःच पाय घसरला.

माझ्या समाधानापुरतं सांगतो, या वाटेवर मोठमोठे पडले आहेत. मारँ मर्सेन हे फ्रेंच धर्मगुरू, त्यांच्याच नावाने या संख्या ओळखल्या जातात. त्यांनी १६४४ साली २५७ पर्यंतच्या ‘चालणाऱ्या’ घातांकांची यादी छापली. त्यातले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ राहूनच गेले. ३१ मात्र त्यांनी बरोबर धरला होता. तुमच्या २३ आणि ८९ ला जरा थांबवून ठेवतो, पुढच्याच उत्तरात लागणार आहेत.

प्रश्न : सर, मी दहावीत आहे. आमच्या क्लासच्या सरांनी सांगितलं की २१४७४८३६४७ मूळ आहे हे ऑयलर या गणितीने संगणक नसताना सिद्ध केलं. वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग देऊन बघायचं हे मला माहीत आहे. वर्गमूळ ४६३४० च्या थोडं पुढे येतं. मी ६१ पर्यंत भाग दिले आणि कंटाळलो. त्यांनी सगळे दिले का? — विद्यार्थी, सांगली

उत्तर : ६१ पर्यंत दिलेस म्हणजे अठरा भागाकार झाले, शाबास. पण ४६३४० पर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. तुझ्या वेगाने दिवाळी येईल. ऑयलरने इतके दिले नाहीत. त्याने आधी ठरवलं की कुणाला विचारायचंच नाही.

वही घे. २३ चं एक घड्याळ कर : २३ झाले की पुन्हा शून्य. १ पासून दुप्पट करत जा, २३ च्या वर गेलं की २३ काढून टाक. १, २, ४, ८, १६, मग ३२ चे ९, मग १८, १३, ३, ६, १२, आणि २४ चा पुन्हा १. पावलं मोज. अकरा. म्हणजे अकरा दुपटींनंतर बाकी १ उरते, म्हणजेच दोनाच्या ११ व्या घातातून एक काढला की २३ ने नि:शेष भाग जातो. कोल्हापूरच्या साहेबांचा २३ तो हाच.

आता फर्माचं एक लहानसं प्रमेय आहे : घड्याळ मूळ संख्येचं असेल (२ सोडून), तर घड्याळापेक्षा एकाने कमी इतकी पावलं टाकल्यावर तू नक्की १ वर असतोस. २३ च्या घड्याळात २२ पावलं, म्हणजे अकराच्या दोन फेऱ्या. ८९ च्या घड्याळात ८८ पावलं, अकराच्या आठ फेऱ्या. फेरी अर्धवट राहून चालत नाही.

हेच आपल्या संख्येला लाव. समज, एखाद्या मूळ संख्येने २१४७४८३६४७ ला भाग गेला. तर तिच्या घड्याळात ३१ पावलांनी १ यायला हवा. ३१ स्वतः मूळ, त्यामुळे त्याहून लहान फेरी शक्य नाही, फेरी ३१ चीच. म्हणून त्या संख्येतून एक काढला की ३१ च्या पटीत यायला हवं. शिवाय ती विषम, म्हणजे ६२ च्या पटीत. झालं! उमेदवार फक्त ६३, १२५, १८७, २४९, ३११, ३७३ असे, बासष्टाच्या ढांगा टाकत येणारे. तू ज्या अठरांना भाग दिलास त्यातला एकही यात नाही. वाईट वाटून घेऊ नकोस.

आणखी एक चाळणी आहे. या घड्याळात दोनाचा ३२ वा घात म्हणजे पुन्हा २ च, आणि ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे या घड्याळात २ हा कुणाचा तरी वर्ग आहे. असं ज्या विषम मूळ संख्यांच्या घड्याळात होतं, त्या सगळ्या आठाच्या पाढ्याच्या एक पुढे नाहीतर एक मागे असतात. याची सिद्धता इथे मावणार नाही, अकरावी-बारावीनंतर भेटेल. या चाळणीतून १२५ आणि १८७ गळतात, ३७३ गळतो. उरतात दोन रांगा : २४८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या आणि २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणाऱ्या.

मी गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर या दोन रांगा लिहिल्या. ६३ गेला, तो मूळ नाही. २४९ ला ३ ने भाग जातो. ३११ मूळ, राहिला. ४९७ गेला, ५५९ म्हणजे १३ × ४३ गेला, ७४५ गेला, ८०७, ९९३, १०५५ गेले, १२४१ म्हणजे १७ × ७३. मग १३०३ राहिला, १४८९ राहिला. दीड हजारापर्यंत २३९ मूळ संख्या आहेत, आणि त्यातल्या तीनच विचारायच्या! ३११ ने भाग दिला : भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. १३०३ ने : १६४८१०७, बाकी २२६. १४८९ ने : १४४२२३२, बाकी १९९. कुणाचाच भाग जात नाही. पुढे सरकलो तर दुसऱ्या रांगेत कोण उभं? २४८ × ८ + ६३ = २०४७. मागच्या अंकातली चूक काही पाठ सोडत नाही. अर्थात तो मूळ नसल्याने इथेही बाद.

असं ४६३४० पर्यंत गेलास तर ऐंशीच्या आसपास भागाकार होतात. दोन-तीन रविवारांचं काम. ऑयलरने बर्नूली घराण्यातल्या एकाला लिहिलेल्या पत्रात नेमक्या याच दोन रांगा दिल्या आहेत आणि म्हटलंय की ४६३३९ पर्यंतचे सगळे तपासले, कुणाचाच भाग जात नाही. साल १७७२. तेव्हा तो सेंट पीटर्सबर्गला होता, पासष्टीच्या घरात, आदल्याच वर्षी शहरातल्या आगीत घर जळालेलं, आणि डोळे जवळजवळ पूर्ण गेलेले. तो सांगायचा आणि बाकीचे लिहून घ्यायचे. तुला कंटाळा येतो तेव्हा हे आठवावं असं मी म्हणणार नाही. मलाही येतो. पण भागाकार कमी कसे होतील याचा विचार करायला डोळे लागत नाहीत, हे मात्र खरं.

प्रश्न : मी बँकेत नोकरी केली. हल्ली ऐकतो की पैशाचे ऑनलाइन व्यवहार मूळ संख्यांवर चालतात. ही २१४७४८३६४७ त्यात वापरतात का? नसेल तर या असल्या संख्यांचा उपयोग काय? — निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : उपयोगाचा प्रश्न या संख्येला फार जुना आहे. ६, २८, ४९६ या ‘परिपूर्ण’ संख्या तुम्हाला आठवत असतील, ज्यांचे स्वतःहून लहान विभाजक मिळवले की तीच संख्या येते : १ + २ + ३ = ६. अशी एक संख्या २१४७४८३६४७ पासूनही बनते, तिला दोनाच्या ३० व्या घाताने गुणलं की : २३०५८४३००८१३९९५२१२८. पीटर बार्लो या इंग्रज गणितीने १८११ मध्ये आपल्या पुस्तकात लिहून टाकलं की यापुढची परिपूर्ण संख्या बहुधा कधीच सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या मौजेच्या, उपयोग शून्य, तेव्हा पुढे कोण कष्ट घेणार? लोक कष्ट घेतात, हे बार्लोला कळलं नाही. ऑयलरच्या पुढचा मोठा टप्पा एदुआर लुकासने १८७६ मध्ये गाठला : दोनाचा १२७ वा घात उणे १, एकोणचाळीस आकडी. नुसत्या हाताने सिद्ध केलेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून ती अजून ओळखली जाते.

आता कुलुपाचं, म्हणजे तुमचे ऑनलाइन व्यवहार गुप्त ठेवण्याचं. २१४७४८३६४७ कुलपाला फार तोकडी, दहा आकडी संख्या तुमच्या फोनला डोळ्याचं पातं लवायच्या आत फोडता येते. आरएसए नावाची जी पद्धत १९७७ पासून आहे, तिच्यात आज तीनशेच्या वर आकडे असलेल्या दोन मूळ संख्या गुप्तपणे निवडतात आणि त्यांचा गुणाकार उघड ठेवतात. गुणाकार कुणीही पाहावा, त्यातून ते दोन विभाजक शोधून दाखवावेत.

तुम्ही म्हणाल, त्यात अवघड ते काय? लुकासने १८७६ मध्येच दाखवलं होतं की दोनाचा ६७ वा घात उणे १ ही संख्या मूळ नाही. पण विभाजक? ते त्याच्या रीतीतून निघत नव्हते. सत्तावीस वर्षं सगळ्यांना माहीत होतं की ही फुटते, पण कुठे फुटते ते कुणालाच नाही. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. असं सांगतात की एक शब्दही न बोलता त्यांनी एका बाजूला दोनाचा ६७ वा घात काढून एक वजा केला : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडून केला. दोन्ही सारखे आले, खडू ठेवला, जागेवर जाऊन बसले. टाळ्या पडल्या. मी फळ्यासमोर आयुष्य काढलं, न बोलता एकाही तासाला टाळ्या मिळाल्या नाहीत.

मूळ आहे का हे सांगणं सोपं, फोडणं अवघड, या फरकावर तुमचं कुलूप उभं आहे. यातल्या सोप्या बाजूचा पक्का दाखला आपल्याकडचा आहे : मणींद्र अगरवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये आयआयटी कानपूरला अशी रीत दिली की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही ते ठरावीक मर्यादेत, खात्रीने, कुठलंही गृहीत न धरता सांगता येतं. त्यातले दोघे नुकतेच पदवी घेतलेले विद्यार्थी होते.

आणि एक मूळ संख्या तुमच्या खिशात आत्ता आहे. दोनाचा २५५ वा घात उणे १९. सत्त्याहत्तर आकडी. फोनवरचे संदेश गुप्त ठेवणाऱ्या व्यवस्थांत, व्हॉट्सॲप धरून, तिच्या घड्याळावर आकडेमोड चालते. ती गुप्त नाही, सगळ्या जगाला माहीत आहे. गुप्त असतात ती तुमची पावलं.

प्रश्न : आज माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या किती आकडी? — एक वाचक, पुणे

उत्तर : मला ठाऊक असलेली ४,१०,२४,३२० आकडी आहे. दोनाचा १३६२७९८४१ वा घात उणे १. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी शोधली. हे पूर्वी एनव्हिडिया कंपनीत होते आणि त्यांनी जगभरच्या भाड्याच्या संगणकांना कामाला लावलं होतं. सेकंदाला एक आकडा वाचायचा म्हटला तर न झोपता, न जेवता जवळजवळ ४७५ दिवस. शेवटचे दोन आकडे मात्र आत्ता सांगतो : ५१. दोनाच्या घातांचे शेवटचे दोन आकडे, ०४ पासून पुढे, दर वीस पावलांनी परत येतात, आणि घातांकाच्या शेवटी ४१ आहे, वीसने भागून बाकी १. म्हणून शेवट २१ व्या घातासारखा, २०९७१५२ सारखा : ५२. एक वजा. कुलपाला या संख्येचा काडीचा उपयोग नाही, कारण ती सगळ्यांना माहीत आहे आणि बोजडही आहे.

प्रश्न : मुलगा म्हणतो, १९ जानेवारी २०३८ ला सगळे संगणक बंद पडणार. खरं का? — गृहिणी, मडगाव

उत्तर : सगळे नाहीत. बऱ्याच संगणकांत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासून गेलेले सेकंद. जुन्या यंत्रांत ते सेकंद त्याच बत्तीस घरांच्या डब्यात ठेवलेत. डबा गच्च होईल तेव्हा आपल्याकडे मंगळवारची सकाळ असेल, ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुढच्या सेकंदाला ती यंत्रं उलटून स्वतःला १९०१ सालात समजतील. नवी यंत्रं चौसष्ट घरांवर गेली आहेत. भीती आहे ती कुणी हात न लावलेल्या जुन्या यंत्रांची, पंपावर नाहीतर कुठल्या फॅक्टरीत पडलेल्या. २०१४ मध्ये एका कोरियन गाण्याच्या व्हिडिओने यूट्यूबवरचा हाच डबा भरायला आणला होता. कुणी मेलं नाही, त्यांनी डबा बदलला.

प्रश्न : (कोल्हापूरचेच अभियंता, पत्राच्या पाठीमागे पेन्सिलीने) ३ मूळ, दोनाचा ३ रा घात उणे १ म्हणजे ७ मूळ, ७ वरून १२७ मूळ, १२७ वरून लुकासची संख्या मूळ. तशीच ५ वरून ३१, ३१ वरून २१४७४८३६४७. मग दोनाचा २१४७४८३६४७ वा घात उणे १? की यालाही २३ × ८९ व्हायचं?

उत्तर : व्हायचं नाही, झालं आहे. ती संख्या ६४ कोटींहून जास्त आकडी आहे, वर सांगितलेल्या विक्रमी संख्येच्या पंधरापट लांब, आणि ती पंधरा आकडी चिमुकल्या संख्येने फुटते : २९५२५७५२६६२६०३१. सांगलीच्या मुलाला दिलेली चाळणी इथेही लागते. विभाजकातून एक काढला की घातांकाच्या दुपटीच्या पटीत यायला हवं. २१४७४८३६४७ ची दुप्पट ४२९४९६७२९४. तिला ६८७४५ ने गुणा आणि एक मिळवा, हीच संख्या येते. गुणाकार मी हातानेच केला, कॅलेंडरच्या मे महिन्याच्या मागे. पहिल्या खेपेला हातचा चुकला, दुसऱ्यांदा जमला.